तांदळाची पांढरी रेघ

वारली माणूस काढायला दोन त्रिकोण पुरतात. एकाचं टोक खाली, दुसऱ्याचं वर, आणि दोन्ही टोकं कमरेशी जुळलेली. वर डोक्याचा गोल, बाई असेल तर मागे अंबाड्याचा छोटा गोल, मग हातापायांच्या बारीक रेघा. मांडणी इतकी सुटसुटीत असल्यामुळे ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत हा माणूस कुठेही भेटतो. उड्डाणपुलाच्या खांबावर, शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर, सोसायटीच्या लॉबीत, लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात, कुर्त्याच्या काठावर, मोबाइलच्या कव्हरवर. कार्यानुभवाच्या तासाला मुलं तो काढतात. संगणकावर तर तो आयताच मिळतो. एकदा उतरवून घेतला की लहान करा, मोठा करा, शंभर माणसांचं वर्तुळ करा आणि पाहिजे त्या कापडावर छापा.

ज्यांनी हा माणूस घडवला त्यांच्या हाती या छपाईतून काय येतं, हा या प्रकरणाचा विषय आहे. यंत्र, संगणक आणि आजची कलादालनं यांच्या आधाराने जुनी हस्तकला पुन्हा उभी राहू शकते, असं आपण हल्ली वारंवार ऐकतो आणि दाखला म्हणून बहुतेक वेळा जपानचं नाव घेतलं जातं. दाखला खोटा नाही. पण त्याच प्रश्नाचा दुसरा धडा आपल्या ठाणे जिल्ह्यात, तोही जपानी माणसांच्या सहभागाने लिहिला गेला आहे आणि तो आपल्याला फारसा ठाऊक नाही.

ठाणे जिल्हा म्हणताना इथे जुना, अखंड जिल्हा डोळ्यांपुढे ठेवायचा. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा हे तालुके 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्ह्यात गेले. त्याआधी त्यांची कचेरी ठाण्यालाच होती. आजच्या ठाणे जिल्ह्यातही शहापूर-मुरबाडकडे आणि खुद्द ठाणे शहराच्या डोक्यावर येऊरच्या पाड्यांत वारली कुटुंबं राहतात. म्हणजे ही कला ‘तिकडची’ नाही. आपल्या गावाच्या शिवेवरची आहे.

मूळ चित्र भिंतीवरचं आणि लग्नाचं. घराची भिंत कारवीच्या काटक्यांची, तिला शेणामातीचा लेप. त्यावर गेरूचा लाल हात फिरतो. तांदूळ भिजवून वाटतात, पीठ पाण्यात कालवतात आणि बांबूच्या काडीचं टोक चावून किंवा ठेचून त्याचा कुंचला करतात. चित्र काढतात सवाशिणी. आधी चौक आखला जातो. चौकट म्हणजे एकाला लागून एक अशा नक्षीच्या पट्ट्या, दातेरी, साखळीच्या, तिरप्या रेघांच्या. चौकटीच्या आत पालघाट देवी, जिच्या कृपेने झाडंझुडपं आणि पोरंबाळं वाढतात. चौकटीबाहेर सूर्य, चंद्र, ताडमाड, जनावरं, नाचणारी माणसं. शेजारी एक छोटा देवचौक, त्यात पाचशिऱ्या देव. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई. ती गाणी म्हणते आणि त्या गाण्यांतून लग्न पुढे सरकतं. ओल्या रेघेचा रंग आधी फिका, जवळजवळ पारदर्शक असतो. पीठ सुकत जातं तशी ती पांढरी होत जाते. म्हणजे काढणाऱ्या बाईला आपण नेमकं काय काढलं ते थोडं उशिराच दिसतं. तिचा भरवसा डोळ्यांपेक्षा हातावर जास्त असतो.

लग्न झालं की चित्राचं काम संपलं. ते जपून ठेवायची कुणाला गरज वाटत नसे. धुरानं काळवंडायचं, पावसाळ्यात पोपडे सुटायचे, पुढच्या लग्नाला नव्याने गेरू लागायचा. जतन व्हायचं ते हाताचं आणि गाण्याचं.

या लग्नाला एक कडू बाजूही होती आणि वारली चित्रांवरच्या देखण्या पुस्तकांत ती क्वचितच येते. लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून काढलेल्या कर्जापोटी नवरा-बायको दोघंही त्याच्या घरी राबायला बांधली जात. त्यांना लग्नगडी म्हणत. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ही पद्धत आणि तिच्याविरुद्धचा 1945 चा वारल्यांचा उठाव लिहून ठेवला आहे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड मारले गेले. जो चौक आज आपण लॉबीच्या भिंतीवर शोभेसाठी रंगवून घेतो, तो ज्या लग्नांत काढला जायचा त्यांतली कितीतरी लग्नं अशा कर्जाच्या दावणीला बांधलेली होती. चित्रातली माणसं फेर धरून नाचताना दिसतात, तेव्हा त्या आनंदामागे केवढी जिद्द असेल याचा विचार मी नेहमी करते.

या चित्राला भिंतीवरून कागदावर आणण्याचं श्रेय भास्कर कुलकर्णी यांना जातं. ते स्वतः चित्रकार. 1960 च्या दशकात बिहारमध्ये दुष्काळ पडला तेव्हा हस्तकलांच्या क्षेत्रात काम करणाऱ्या पुपुल जयकर यांच्या सांगण्यावरून ते मिथिलेत गेले आणि तिथल्या बायकांना भिंतीवरची चित्रं कागदावर काढायला कागद दिले. पुढे तेच काम त्यांनी डहाणूच्या पाड्यांवर केलं. तिथे त्यांना जिव्या सोमा म्हसे भेटले.

जिव्या म्हसे यांचा जन्म 1934 चा. लहानपणी आई गेली आणि मुलाचं बोलणं बंद झालं. धुळीत बोटाने चित्रं काढून तो आपलं म्हणणं सांगायचा, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. बायकांचं आणि लग्नापुरतं असलेलं काम या पुरुषाने आपलं केलं आणि तो ते रोज करू लागला. कागद आल्यावर विषयही मोकळे झाले. लावणी, मासेमारी, तारपा या फुंकवाद्याभोवतीचा नाच, मुंग्यांचं वारूळ, रेल्वे. त्यांनी काढलेलं मासेमारीचं जाळं जवळून बघितलं तर श्वास रोखला जातो. शेकडो बारीक घरं, एकही दुसऱ्यासारखं नाही, आणि सगळं मिळून पाण्यात हेलकावणारं. 1975 मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांची चित्रं लागली, 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2009 मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार, 2011 मध्ये पद्मश्री. 15 मे 2018 रोजी ते गेले.

आजच्या कलेच्या जगाशी वारली रेघेची खरी गाठ पडली ती 2003 मध्ये. इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग यांची कला म्हणजे चालणं. माळरानावर एकाच वाटेने येत-जात राहायचं, गवत दबून रेघ उमटते, तिचा फोटो काढायचा. दगड, माती, राख यांची ते जमिनीवर वर्तुळं मांडतात. हे गृहस्थ डहाणूकडे जिव्यांच्या मुलखात आले, तिथे राहिले आणि त्याच वर्षी जर्मनीतल्या डुसेलडॉर्फच्या संग्रहालयात दोघांची कामं शेजारी शेजारी मांडली गेली. प्रदर्शनाचं नाव ‘डायलॉग’. मला त्यातली बरोबरी महत्त्वाची वाटते. एक ‘आधुनिक’ आणि दुसरा ‘आदिम’ अशी दोन दालनं तिथे नव्हती. दोन माणसं, दोघांचं भांडवल जमीन आणि रेघ.

आता जपानकडे वळू. तिथली गोष्ट चांगल्या कापडासारखी उकलून बघावी लागते.

क्योतो शहरातली निशिजिन ही विणकरांची वस्ती. राजदरबार, सरदार, देवळं यांच्यासाठी जरतारी रेशीम विणण्यात तिच्या पिढ्यान् पिढ्या गेल्या. 1869 मध्ये सम्राट तोक्योला गेले, दरबारही गेला आणि निशिजिनचं गिऱ्हाईक एका फटक्यात नाहीसं झालं. तेव्हा 1872 साली साकुरा त्सुनेशिची, इनोउए इहेई आणि योशिदा चुशिची हे तिघे फ्रान्समधल्या लिऑन शहरी पाठवले गेले. तिथला जॅकार्ड माग त्यांना शिकायचा होता. या मागात नक्षी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर भोकांच्या रूपाने लिहिलेली असते. भोक असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. पुढे संगणकाचा जन्म ज्या कल्पनेतून झाला तिचीच ही पूर्वज. साकुरा आणि इनोउए माग घेऊन परतले. योशिदा मागे राहून आणखी शिकत होते. 1874 च्या मार्चमध्ये ते ज्या जहाजाने परत येत होते ते ‘नील’ जहाज जपानच्या किनाऱ्याजवळ, इझूपाशी बुडालं. घर नजरेच्या टप्प्यात आलं होतं.

योशिदांचा उल्लेख मी मुद्दाम केला. नवं तंत्र आणायला तिथे विणकर स्वतः गेले. कुणी कारखानदार जाऊन ते विणकरांच्या जागी बसवायला घेऊन आला, असं झालं नाही. माग नवा, पण मागावर बसणारा तोच. म्हणूनच पुढे 1980 च्या दशकात पुठ्ठ्याची भोकं फ्लॉपीवर गेली आणि नक्षीची आखणी संगणकावर होऊ लागली, तरी निशिजिन हे निशिजिनच राहिलं. सोनेरी वर्खाचा कागद बारीक चिरून त्याचे धागे करणारा, रेशीम रंगवणारा, ताणा जोडणारा, प्रत्येक कामाचं घर वेगळं आणि ते सगळे एका कापडात गुंफलेले.

याच वस्तीतलं होसोओ हे 1688 पासूनचं घराणं. किमोनोवर बांधायच्या पट्ट्याला, ओबीला, लागणारं कापड जेमतेम वीतभर-दीडवीत रुंद असतं, सुमारे 32 सेंटिमीटर. किमोनो वापरणारे घटत चालले तसा धंदा आटला. होसोओंनी 2010 मध्ये 150 सेंटिमीटर रुंदीचा माग बनवून घेतला. त्यामागे पीटर मरीनो या अमेरिकी वास्तुरचनाकाराची मागणी होती. डिओरच्या दुकानांच्या भिंतींना आणि खुर्च्यांना त्यांना हे कापड हवं होतं. बदल एवढाच, रुंदीचा. पण त्यामुळे कंबरेचा पट्टा विणणारा हात भिंती विणू लागला.

दुसरं उदाहरण मला याहून जवळचं वाटतं. क्योतोतल्या देवळांतले जुने चित्रित पडदे हवेनं, उजेडानं खराब होतात, म्हणून मूळ पडदे संग्रहालयात जातात आणि देऊळ रिकामं राहतं. 2007 पासून कॅनन कंपनी आणि क्योतोची एक सांस्कृतिक संस्था मिळून ‘त्सुझुरी’ नावाचा प्रकल्प चालवतात. मूळ पडद्याची अतिशय बारकाईने छायाचित्रं घेतात, तुकडे संगणकावर जोडतात, रंग जुळवतात आणि खास तयार केलेल्या हातकागदावर किंवा रेशमावर छापतात. एवढ्यावर काम थांबत नाही. छपाईत सोनं उतरत नाही. मग तो कागद वर्ख लावणाऱ्या कारागिराकडे जातो. तो श्वास सांभाळून एकेक वर्ख बसवतो, जुन्या पडद्यावर वर्खाच्या कडा जिथे जिथे झिजल्या आहेत तशाच झिजवतो. त्यानंतर पडदा बांधणारा कारागीर तो चौकटीवर चढवतो. केन्निन-जी देवळात वायुदेव आणि मेघगर्जनेचा देव यांचा जो पडदा आज दिसतो, तो असा तयार झालेला आहे. मूळ पडदा क्योतोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. यंत्राने जिथे हात टेकले तिथे माणसाला बोलावलं गेलं, आणि वर्ख लावणाऱ्याला कामही मिळालं.

याला कायद्याचीही पाठ आहे. 1974 मध्ये जपानने पारंपरिक हस्तकलांसाठी कायदा केला. सरकारी मान्यता मिळायची तर वस्तू मुख्यतः रोजच्या वापरातली हवी, तिचा मुख्य भाग हाताने बनलेला हवा, तंत्र आणि कच्चा माल परंपरेचा हवा आणि त्या भागात ती बनवणारी पुरेशी माणसं हवीत. सगळं हाताने करा असा हट्ट कायद्यात नाही. मुख्य काम हाताने व्हावं, एवढाच आग्रह आहे. त्यामुळे यंत्र कुठे शिरेल आणि कुठे थांबेल याची चर्चा कारागिरांना आपापसात करावीच लागते.

याउलट आपल्याकडे यंत्र आलं ते नकलेच्या दारातून. वारली रेघ सोपी, म्हणून ती उचलायला कारागीर लागत नाही. निशिजिनचं जरतारी कापड कुणी संगणकावरून चोरू म्हटलं तर त्याला माग लागेल, धागा लागेल, हात लागेल. दोन त्रिकोण आणि एक गोल चोरायला काहीच लागत नाही. आता तर दोन ओळी लिहिल्या की चित्र काढून देणारे प्रोग्रामही आले. त्यांतून निघणाऱ्या ‘वारली’ चित्रात सगळं असतं, फक्त चौकटीच्या आत कोण बसायला हवं हे त्यांना माहीत नसतं. आणि बारकाईने बघणाऱ्याला लगेच कळतं. छापील वारलीत सगळी माणसं एकाच साच्यातली, एकाच जाडीच्या रेघेची. हाताच्या कामात काडीवरचं पीठ संपत येतं तिथे रेघ बारीक होते, पुन्हा बुडवल्यावर जाड होते. तारप्याच्या फेरातला प्रत्येक नाचणारा थोडा वेगळा वाकलेला असतो, कारण नाचात माणसं तशीच वाकतात.

या नकलेला आळा घालायला 2014 मध्ये वारली चित्रकलेची भौगोलिक मानांकन म्हणून नोंद झाली. हे काम डहाणूच्या आदिवासी युवा सेवा संघाने, म्हणजे ‘आयुश’ने केलं. पाड्यांवरची शिकलेली मुलं इंटरनेटवरून एकमेकांशी जोडली गेली आणि त्यातून हे उभं राहिलं, म्हणजे डिजिटल तंत्राचा हा पहिला खरा उपयोग म्हणायचा. मानांकनामुळे नाव सुरक्षित होतं. बाहेरच्या कुणी आपल्या मालाला ‘वारली चित्र’ म्हणून विकू नये, असा हक्क त्यातून मिळतो. पण रेघेवर मालकी सांगता येत नाही, आणि हक्क बजावायला कोर्टकचेरी, वेळ, पैसा लागतो. ज्याच्याकडे ही साधनं कमी, त्यालाच भांडावं लागतं.

जपान आणि वारली यांची गाठ मात्र याच्या बरीच आधी पडली होती. निइगाता प्रांतातलं तोकामाची हे कमालीच्या बर्फाचं आणि किमोनोच्या कापडाचं गाव. तिथे 1982 मध्ये तोकिओ हासेगावा यांनी मिथिला म्युझियम सुरू केलं. हासेगावा मूळचे संगीतातले. ‘ताजमहाल ट्रॅव्हलर्स’ या प्रयोगशील गटात ते वाजवत. भारतातल्या भिंतीवरच्या चित्रांनी त्यांना वेड लावलं, आणि मिथिलेबरोबर वारली आणि गोंड चित्रकारही तोकामाचीला जाऊन राहू लागले. महिनोन् महिने राहायचं, मोठमोठी चित्रं करायची. जिव्या म्हसे यांचंही काम तिथे आहे. घरचा गोंगाट नाही, साहित्याची ददात नाही, एवढा निवांतपणा पाड्यावर कुणालाच मिळत नाही. त्यातून फार मोठ्या तोलाची चित्रं झाली.

पण 2001 च्या जुलैमध्ये याच ठिकाणी मध्य प्रदेशातले थोर गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम यांनी आपलं आयुष्य संपवलं. माणसाच्या मनात काय चाललं होतं ते बाहेरून कुणी सांगू नये. तरी त्यानंतर भारतातल्या कलावर्तुळात जे प्रश्न विचारले गेले ते योग्यच होते. दूरच्या मुक्कामाच्या अटी कोण ठरवतं? चित्राची किंमत कोण सांगतं? परत कधी जायचं हे कुणाच्या हातात असतं? हस्तकलेच्या पुनरुज्जीवनाविषयी बोलताना हे प्रश्न पहिल्या पानावर असायला हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ते सहसा आभाराच्या पानावरसुद्धा नसतात.

यानंतर एक उलटा प्रवास घडला. पाड्यावरच्या माणसांनी जपानला जायच्या ऐवजी जपानी कलावंत पाड्यावर आले. वॉल आर्ट प्रोजेक्ट या जपानी संस्थेने 2010 मध्ये बिहारात बोधगयेजवळच्या सुजाता गावातल्या शाळेत भिंतचित्रांचा उत्सव सुरू केला होता. तो पुढे डहाणू तालुक्यातल्या गंजाडला आला, जिल्हा परिषदेच्या शाळेत. गंजाड म्हणजे जिव्या म्हसे यांचंच गाव. जपानी आणि भारतीय कलावंत वर्गखोल्यांच्या भिंती रंगवायचे, वारली चित्रकार शेजारच्या भिंतीवर, आणि मुलं दिवसभर मध्ये मध्ये. या ओळखीतून गंजाडच्या तुषार आणि मयूर वायेडा या भावांचं काम जपानमध्ये पोहोचलं. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला भरणाऱ्या आशिया-पॅसिफिक त्रैवार्षिक प्रदर्शनात 2021-22 मध्ये त्यांचं ‘धरतरी’ हे सृष्टीच्या जन्माचं मोठं चित्र होतं. वॉल आर्ट प्रोजेक्टच्या मंडळींनी गंजाडमध्ये कारवी-मातीच्या घरांचं तंत्र टिकवण्याचं कामही हाती घेतलं. मला यातली सगळ्यात दूरदृष्टीची गोष्ट हीच वाटते. घरकुल योजनांतून सिमेंटची पक्की घरं आली, ती हवीच होती, पावसात गळकं घर कुणाला आवडतं. पण त्यांच्याबरोबर शेणामातीची भिंत गेली आणि चित्राचं अंगण गेलं. रेघ वाचवायची तर भिंतीचाही विचार करावा लागतो.

2013 च्या सुरुवातीला छायाचित्रकार गौरी गिल गंजाडच्या शाळेतल्या अशाच एका कलाप्रयोगासाठी आल्या आणि राजेश चैत्या वांगड यांच्या घरी राहिल्या. गिल यांनी गावाची छायाचित्रं घेतली, पण घरी परतून बघताना त्यांना वाटलं की वांगड जे सांगत होते ते फोटोत कुठेच नाही. या माळावर कोणता देव राहतो, या नाल्याला कोणत्या वर्षी पूर आला, इथलं जंगल कुणी तोडलं, यातलं कॅमेऱ्याला काही दिसलं नव्हतं. तेव्हा दोघांनी ठरवलं. गिल यांनी काळी-पांढरी छायाचित्रं मोठ्या आकारात छापायची आणि वांगड यांनी त्यावर शाईने चित्र काढायचं.

‘फील्ड्स ऑफ साइट’ नावाच्या या मालिकेतलं एखादं चित्र जवळून बघायला हवं. फोटोत एक उघडा माळ आहे, पलीकडे डोंगराची ओळ, कधी मध्यभागी स्वतः वांगड उभे. लांबून एवढंच दिसतं. दोन पावलं पुढे गेलं की आभाळ भरलेलं दिसतं. आभाळाच्या राखाडी पट्ट्यात बारीक माणसांच्या रांगा, बैल, झाडं, नांगर, तारपा वाजवणारा. आणखी जवळ गेलं की गिरण्यांची धुराडी, मोटारी, बंदूकवाले, शहराच्या चळती. फोटोतल्या गवताच्या पात्याला वांगड यांची रेघ जिथे भेटते तिथे कुठलं पातं कॅमेऱ्याचं आणि कुठलं हाताचं ते सांगणं अवघड होतं. छायाचित्र एका क्षणाचं असतं. वांगड यांनी त्यात आजोबांच्या वेळचा दुष्काळ आणि उद्याची भीती दोन्ही आणून बसवली. चित्रांवर दोघांचीही नावं आहेत. 2023 मध्ये या मालिकेचं पुस्तक आलं, त्यावरही दोघांची नावं आहेत. डिजिटल छपाई इथेही आहेच, पण ती वांगड यांना कागद पुरवते. त्यांची जागा घेत नाही. क्योतोतल्या वर्ख लावणाऱ्या कारागिराची मला इथे आठवण होते.

गिल यांनी पुढे जव्हारकडे असंच काम केलं. तिथे बोहाडा या उत्सवातल्या सोंगांसाठी कागदाच्या लगद्याचे मुखवटे करणारे कलाकार आहेत. सुभाष आणि भगवान धर्मा कडू या भावांनी आणि त्यांच्या साथीदारांनी देवदैत्यांच्या मुखवट्यांऐवजी आजच्या माणसांचे, प्राण्यांचे, रोजच्या वस्तूंचे मुखवटे केले, गावातल्या लोकांनी ते घालून रोजचीच कामं केली आणि गिल यांनी फोटो काढले. ही छायाचित्रं 2018 मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा पीएस-वनमध्ये आणि 2019 मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात लागली. पुस्तकांतही असे प्रयोग झाले. नीना सबनानी आणि अंकित चढ्ढा यांचं ‘माय गांधी स्टोरी’ 2014 मध्ये वांगड यांच्या चित्रांसह आलं. आणि आरेच्या जंगलातल्या केलटीपाड्याचे प्रकाश भोईर यांनी 2019 मध्ये ‘स्वदेसी’ या हिप-हॉप गटाबरोबर ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणं केलं. आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं पडत होती त्या दिवसांत ते फोनफोनवर फिरलं. कला जिवंत असण्याची याहून ठळक खूण मला तरी माहीत नाही. ती भांडत होती.

भांडणं संपलेली नाहीत. डहाणू तालुका 1991 मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. तिथेच औष्णिक वीज केंद्र आहे आणि तिथल्याच किनाऱ्यावर वाढवण बंदराची पायाभरणी 2024 मध्ये झाली. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा 508 किलोमीटरचा मार्ग ठाणे, विरार, बोईसर अशी स्थानकं घेत याच पट्ट्यातून जातो. त्याचं तंत्र जपानी आणि बराचसा पैसा जपानी कर्जाचा. आदिवासींच्या जमिनी त्यात गेल्या, त्यावरून मोर्चे निघाले. ज्या देशातून गंजाडच्या शाळेत चित्रकार आले त्याच देशाच्या तंत्राचे खांब आता त्याच मुलखात उभे राहताहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि पाड्यावरच्या माणसाला दोन्ही एकाच वेळी जगाव्या लागतात. वांगड यांच्या चित्रांत धुराडी आणि देव शेजारी शेजारी येतात, ते उगाच नाही.

मग आपण ठाणे-कल्याण-डोंबिवलीकरांनी काय करायचं? पालिका, शाळा, सोसायट्या दरवर्षी भिंती रंगवून घेतात. वारली पद्धतीची नक्षी हवी असेल तर कामाच्या निविदेत एक अट सहज घालता येईल, की चित्र काढणारा वारली चित्रकार असावा आणि भौगोलिक मानांकनाखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून त्याची नोंद असावी. भिंतीच्या कोपऱ्यात कंत्राटदाराच्या नावाऐवजी चित्रकाराचं आणि त्याच्या पाड्याचं नाव लिहावं. मजुरी चौरस फुटावर न ठरवता त्याच्याशी बोलून ठरवावी, कारण रेघ किती दाट हवी हे चौरस फूट सांगत नाही. शोधायला लांब जायला नको. 2013 पासून उपनगरी लोकल डहाणूपर्यंत जाते, आणि पाड्यावरची बरीच तरुण मंडळी आता आपली चित्रं फोनवरच दाखवतात, भावही फोनवरच सांगतात. मध्ये दलाल लागत नाही. त्यांनी सांगितलेला भाव द्यावा. घासाघीस करू नये.